हवेचे वाटेकरी

एकत्र कुटुंबाच्या वाटणीचे दावे ज्यांनी चालविले आहेत त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. मोठ्या वाट्यांचा निकाल कागदावरून लावता येतो. वाडा कोणाकडे जावा, बागाईत किती, जिराईत किती, हे उतारे समोर ठेवले म्हणजे पुष्कळसे ठरून जाते. कज्जा रेंगाळतो तो परसातल्या एखाद्या नारळाच्या झाडावरून, किंवा ज्याची नोंद कोणत्याच कागदात नीटशी नाही अशा दोन गुंठ्यांच्या तुकड्यावरून. आणि नवल असे की, त्या तुकड्याचा माग काढता काढताच घराण्याचा खरा इतिहास पुष्कळदा उजेडात येतो. आपण क्षणोक्षणी जी हवा श्वासावाटे आत घेतो तिच्या घटकांचा इतिहास वाचताना आम्हांस वारंवार याच गोष्टीचे स्मरण झाले.

आज ही वाटणी पूर्ण झालेली आहे. कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू, सुमारे २१ भाग प्राणवायू आणि जवळजवळ एक भाग आर्गॉन असतो. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला कर्बाम्लवायू, याचा वाटा शंभरांत अवघा ०·०४ आहे. त्याखालचे वाटेकरी मोजावयाचे तर शंभराचे माप पुरत नाही, दहा लाखांचे घ्यावे लागते. दहा लाख भागांत निऑन सुमारे १८, हेलियम सुमारे ५, क्रिप्टॉन सुमारे एक, आणि झेनॉन तर एका भागाचाही दहावा हिस्सा नाही. पाण्याची वाफ या हिशेबात धरलेली नाही. ती ऋतूप्रमाणे आणि स्थळाप्रमाणे बदलते. कोकणातल्या श्रावणात ती जेवढी असते तेवढी माळव्यातल्या वैशाखात नसते.

हा तक्ता शाळकरी मुलासही पाठ असतो. परंतु तो तयार होण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि त्या दीडशे वर्षांत एक सबंध शतक असे गेले की शंभरातल्या एका वाटेकऱ्याची नोंद छापील कागदावर असूनही कोणी तिच्याकडे वळून पाहिले नाही. आमच्या मते हवेच्या इतिहासातील खरा बोध त्या एका शतकात आहे.

प्राचीनांनी वायूला महाभूत मानले. आपल्याकडे पंचमहाभूतांत, ग्रीकांकडे चार तत्त्वांत वायूची गणना होती. आपल्या शास्त्रकारांनी प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान असे वायूचे पाच भेदही सांगितले. पण ते शरीरातील कार्यावरून केलेले भेद होते, द्रव्यावरून केलेले नव्हते. वायू हा एकच, त्याची कामे निराळी, अशी ती कल्पना होती. हवा हीच मुळी अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे, हा विचार पूर्वेस काय किंवा पश्चिमेस काय, रुजावयास अठरावे शतक उजाडावे लागले.

प्रारंभ झाला तो चुन्यापासून. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश वैद्याने १७५६ मध्ये दाखवून दिले की, चुनखडी भाजली म्हणजे तिचे वजन घटते, आणि जे घटते ते एका विशिष्ट वायूच्या रूपाने निघून जाते. हा वायू साध्या हवेहून निराळा. त्यात दिवा विझतो, प्राणी गुदमरतो, आणि चुन्याच्या निवळीतून तो सोडला तर निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या उच्छ्वासाने निवळी तशीच गढूळ होते, हेही त्याने दाखविले. हवेच्या एकछत्री राज्याला पडलेली ही पहिली चीर. पुढे १७७२ मध्ये ब्लॅकचाच शिष्य डॅनियल रदरफर्ड याने कोंडलेल्या हवेतून जळण्यास व जगण्यास उपयोगी भाग संपवून, त्यातला ब्लॅकचा वायूही शोषून घेऊन, मागे राहिलेल्या मोठ्या भागाचे वर्णन केले. तोच नत्रवायू.

प्राणवायूची हकीकत अधिक प्रसिद्ध आहे, आणि वकिलाच्या दृष्टीने अधिक मनोरंजकही आहे. कारण येथे एकाच मालमत्तेवर तीन दावेदार उभे राहतात. पहिला कार्ल शेले, स्वीडनमधील एक औषधविक्रेता. त्याने १७७१-७२ च्या सुमारास हा वायू तयार केला; पण त्याचे पुस्तक छापखान्यात अडकून पडले व १७७७ मध्ये बाहेर आले. दुसरा जोसेफ प्रीस्टली, इंग्रज धर्मोपदेशक. त्याने १७७४ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस एका मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळताना पाहिली. पुढच्या वर्षी त्या वायूत कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ तग धरून राहिला. प्रीस्टलीने तो वायू स्वतःही हुंगून पाहिला आणि आपली छाती काही वेळ हलकी झाल्यासारखी वाटली, असे लिहून ठेवले. तिसरा आंत्वान लाव्हाझिए. हा फ्रेंच गृहस्थ मूळचा कायद्याचा पदवीधर, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंना सुखावेल. प्रीस्टली १७७४ च्या ऑक्टोबरात पॅरिसला गेला असता भोजनप्रसंगी त्याने आपल्या प्रयोगाची हकीकत लाव्हाझिएला सांगितली. पुढल्या वर्षी लाव्हाझिएने या विषयावर जो निबंध वाचला त्यात या ऋणाचा उच्चार नव्हता, आणि प्रीस्टलीला ती गोष्ट लागली.

आता निवाडा काय करावा? प्रथम पाहिले शेलेने, प्रथम छापले प्रीस्टलीने. परंतु पाहिलेल्या वस्तूचा अर्थ या दोघांपैकी एकालाही उमगला नाही. त्या काळी असा समज होता की, जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे एक द्रव्य असते व जळताना ते बाहेर पडते. प्रीस्टलीने आपल्या नव्या वायूला फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा मानले, आणि १८०४ मध्ये मरेपर्यंत तो मत बदलावयास तयार झाला नाही. लाव्हाझिएने मात्र तराजू हाती घेतला. त्याने बारा दिवस पारा कोंडलेल्या हवेत तापविला. हवेचा सुमारे सहावा हिस्सा नाहीसा झाला व पाऱ्यावर तांबडे भस्म जमले. तेच भस्म अधिक तापविले तेव्हा जेवढी हवा गेली होती जवळजवळ तेवढीच परत आली, आणि ती मागे राहिलेल्या हवेत मिसळताच पूर्ववत् साधी हवा तयार झाली. घेतलेले आणि दिलेले यांचा असा मेळ बसल्यावर फ्लॉजिस्टनला उभे राहावयास जागाच उरली नाही. म्हणून आम्ही म्हणू की, वस्तू शेले व प्रीस्टली यांची, पण तिचे खरेखत लाव्हाझिएच्या नावाने झाले. तथापि खरेखत ज्याच्या नावाने असते त्याने मूळ मालकांची नावे लपवू नयेत, हेही तितकेच खरे आहे.

नामकरणात मात्र लाव्हाझिए चुकला. हा वायू सर्व अम्लांचा जनक आहे असे समजून त्याने त्याला ऑक्सिजन, म्हणजे अम्ल उत्पन्न करणारा, असे नाव दिले. आणि मिठाच्या तेजाबात ऑक्सिजन मुळीच नसतो हे पुढे हम्फ्री डेव्हीने सिद्ध केले. आपल्या भाषांतरकारांनी शब्दाशी इमान न राखता जुन्या पाच वायूंतला पहिला उचलून प्राणवायू असे नाव ठेवले. मूळ नाव चुकीचे आणि भाषांतर बरोबर, असा योग क्वचितच येतो. स्वतः लाव्हाझिएचा अंत दुःखद झाला. तो राजाच्या करवसुलीचा मक्तेदार होता, म्हणून क्रांतीच्या धामधुमीत १७९४ च्या ८ मे रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. प्रीस्टलीचे घर व प्रयोगशाळा त्याआधी तीन वर्षे बर्मिंगहॅमच्या जमावाने जाळली होती. तोही त्याच १७९४ साली अमेरिकेस निघून गेला. हवेच्या दोन मोठ्या संशोधकांना आपल्या देशाची हवा मानवली नाही!

येथपर्यंत मोठ्या वाट्यांची वाटणी झाली. आता त्या दोन गुंठ्यांच्या तुकड्याकडे वळू.

हेन्री कॅव्हेंडिश हा इंग्लंडातील एका बड्या सरदार घराण्यातला, अलोट संपत्तीचा धनी, आणि माणसांना भिणारा असा एक विलक्षण पुरुष होता. तो मोजकेच बोले. पण मापे घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हवेत प्राणवायूचे प्रमाण किती याचा त्याने काढलेला आकडा आजच्या आकड्याशी अगदी जवळून जुळतो. नत्रवायू म्हणून जो मोठा भाग सांगितला जातो तो सर्व खरोखर एकच वायू आहे काय, असा प्रश्न त्याने १७८५ मध्ये उपस्थित केला. आज हा प्रश्न साधा वाटतो. त्या काळी तो दुसऱ्या कोणास सुचला नव्हता. त्याने एका वाकड्या नळीत हवा घेतली, तिच्यात अधिक प्राणवायू मिसळला, आणि विजेच्या ठिणग्या पाडून नत्रवायूचा प्राणवायूशी संयोग घडवून आणला. जो संयुक्त वायू तयार होई तो क्षाराच्या द्रावात शोषला जाई. हे काम दिवसांमागून दिवस चालले. शेवटी सर्व काही शोषले गेले, पण नळीत एक लहानसा बुडबुडा उरला. कितीही ठिणग्या पाडल्या तरी तो हटेना.

कॅव्हेंडिशने काय केले? त्याने त्या बुडबुड्याचे माप घेतले आणि लिहून ठेवले की, नत्रवायूतील काही भाग निराळा असलाच तर तो एकशेविसाव्या हिश्श्याहून अधिक नाही. एवढे लिहून तो थांबला. त्याने त्या बुडबुड्याला नाव दिले नाही, त्यावर सिद्धान्त रचला नाही. आणि प्रयोगातली खोट म्हणून तो पुसूनही टाकला नाही. हिशेबात न बसणारी रक्कम त्याने खर्ची टाकली नाही, शिल्लक म्हणून पुढे ओढली. रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत तो निबंध छापला गेला, आणि पुढील शंभर वर्षे रसायनशास्त्राचे मोठमोठे पंडित त्या कपाटापुढून येत-जात राहिले.

१८९२ मध्ये लॉर्ड रेली या दुसऱ्या एका सरदाराने, अगदी निराळ्या वाटेने, त्याच दारावर हात ठेवला. तो वायूंची घनता अतिशय सूक्ष्मपणे मोजीत होता. हवेतून इतर घटक काढून घेऊन उरलेला नत्रवायू त्याने एका काचेच्या गोलात भरून तोलला. नंतर अमोनियासारख्या संयुगांपासून रासायनिक रीतीने काढलेला नत्रवायू त्याच गोलात भरून तोलला. दोन्ही वजने सारखी यावयास हवी होती. हवेतल्या नत्रवायूचे वजन सुमारे २·३१० ग्रॅम भरले, संयुगातल्याचे सुमारे २·२९९. फरक अवघा अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे शंभरात अर्धा. दुसरा कोणी असता तर सरासरी काढून मोकळा झाला असता. रेलीने उलट केले. त्याने ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना जाहीर विनंती केली की, या फरकाचा उलगडा कोणी करील काय? फरक कमी करण्याऐवजी तो कोणत्या उपायाने वाढतो हे पाहावयास त्याने प्रारंभ केला. साक्षीदाराच्या जबानीत विसंगती दिसली म्हणजे ती झाकणारे वकील पुष्कळ, पण ती मुद्दाम वाढवून तिच्या मुळाशी जाणारे थोडे.

विल्यम रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने या कामी त्याला साथ दिली. हवेतील नत्रवायू तापलेल्या मॅग्नेशियम धातूवरून पुनःपुन्हा नेऊन त्याने तो शोषून टाकला. रेलीने कॅव्हेंडिशच्याच विजेच्या ठिणग्यांचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. दोघांच्याही हाती तोच न हटणारा अवशेष आला. १८९४ च्या ऑगस्टात ऑक्सफर्डच्या सभेत त्यांनी त्याची पहिली वार्ता दिली. कोणत्याही द्रव्याशी संयोग न पावणारा, म्हणून त्याचे नाव आर्गॉन, म्हणजे ग्रीक भाषेत आळशी. कॅव्हेंडिशचा बुडबुडा तो हाच, आणि १७८५ च्या त्याच्या कच्च्या साधनांनी काढलेले प्रमाणही खऱ्या प्रमाणापासून फार दूर नव्हते.

या दाव्यास हरकती आल्या नाहीत असे नाही. मूलद्रव्यांचा प्रसिद्ध तक्ता रचणारा रशियन पंडित मेंडेलीव्ह याला आपल्या तक्त्यात या नव्या पाहुण्यासाठी घर सापडेना. तेव्हा हे निराळे मूलद्रव्य नसून नत्रवायूचेच तीन अणू एकत्र आलेले रूप असावे, असे त्याने सुचविले. तक्ता इतका सुंदर होता की तो अपुरा असेल हे मानणे जड गेले. अखेर घडले ते असे की, तक्त्याला एक सबंध नवा स्तंभ जोडावा लागला, आणि त्यामुळे तक्ता मोडला नाही, उलट पुरा झाला.

त्या स्तंभातला दुसरा वाटेकरी हेलियम. त्याचा माग काढण्यासाठी मात्र इंग्लंडातील प्रयोगशाळा सोडून आपल्याला दख्खनच्या पठारावर यावे लागते.

१८६८ च्या १८ ऑगस्ट रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची छाया अरबी समुद्रावरून येऊन कोकणचा किनारा, विजापूरचा मुलूख, निजामाचे राज्य आणि आंध्रचा किनारा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरात उतरली. त्याआधी नऊ वर्षांपूर्वी किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले होते की, प्रत्येक मूलद्रव्य तापून चमकू लागले की त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात ठराविक जागी ठराविक रेषा उमटतात. या रेषा म्हणजे त्या द्रव्याचा अंगठाच. ग्रहणात सूर्यबिंब झाकले गेले असता त्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्यांचा अंगठा घेण्याची ही पहिली उत्तम संधी होती. म्हणून फ्रान्सहून पिएर झांसेन गुंटूरला आला. इंग्रज मेजर टेनंटही तेथेच होता. मच्छलीपट्टणला मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख पॉगसन, विजापुरास कॅप्टन हेग, आणि पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल असे निरीक्षक ठाण मांडून बसले. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथून हेच ग्रहण पाहिले. ज्योतिषाच्या इतिहासात त्यांचे नाव याहून पुष्कळ अधिक वेळा यावयास हवे.

जमखंडीच्या या हर्शेलविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. याच्या वडील भावाचे नावही विल्यमच. तो बंगालमध्ये मुलकी अधिकारी होता, आणि १८५८ मध्ये जंगीपूर येथे एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेऊन त्याने पुढील काळातील अंगठ्याच्या पुराव्याचा पाया घातला. एक भाऊ माणसाचा ठसा घेतो, दहा वर्षांनी दुसरा भाऊ सूर्याचा ठसा घेतो, आणि दोन्ही गोष्टी याच देशाच्या भूमीवर घडतात.

जमखंडीच्या आकाशात ढग होते, पावसाळाच तो. तरी ढगांच्या फटीतून हर्शेलला तीन तेजस्वी रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या होत्या. नारिंगी रेषा मिठातल्या सोडियमच्या सुप्रसिद्ध पिवळ्या रेषेच्या जागी आहे, असे त्याने मानले. इतर ठिकाणच्या निरीक्षकांनाही ती तेथेच, किंवा तिच्या अगदी जवळ दिसली. झांसेनने त्यापुढचे पाऊल टाकले : ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशी भर उन्हातही त्याने त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. लंडनमध्ये युद्धखात्यातील एक कारकून नॉर्मन लॉक्यर याने हीच युक्ती स्वतंत्रपणे योजली होती. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी आपल्या नव्या उपकरणातून त्या रेषा पाहिल्या. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली, आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा एकाच पदकावर कोरविल्या. ऑक्सिजनच्या बाबतीत जे औदार्य दिसले नाही ते येथे दिसले.

ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषेशी नेमकी जुळत नाही, थोडी बाजूला आहे, हे लॉक्यरने काटेकोर मापनाने दाखविले. येथेही पुन्हा तोच प्रकार : केसभर अंतर, पण ते खर्ची न टाकणारा माणूस हवा. ही रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या द्रव्याची असावी असा तर्क पुढे आला, आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम असे नाव पडले. पुष्कळांनी त्या कल्पनेची थट्टा केली. अखेर १८९५ च्या मार्च महिन्यात, आर्गॉनचे एखादे संयुग सापडते की काय हे पाहण्यासाठी रॅम्झीने युरेनियमयुक्त क्लीव्हाइट खनिजातून निघणारा वायू तपासला, तेव्हा त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा झळकली. सत्तावीस वर्षे फरारी असलेला इसम आपल्याच पायाखालच्या दगडात सापडला! तो हवेतही आहे, हे लवकरच कळून आले. खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या विघटनातून तो सतत उत्पन्न होतो, आणि अतिशय हलका असल्यामुळे हवेत न टिकता हळूहळू अंतराळात निसटत राहतो. म्हणून त्याचा वाटा इतका लहान.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळणे भाग आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत. त्यांना लोक ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८६८ च्या ग्रहणात लॉक्यरसाहेबाने याच कट्ट्यांवर दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. ते अनेकदा छापूनही आले आहे. शिवछत्रपतींच्या आणि आंग्र्यांच्या स्मृतींनी पुनीत झालेल्या किल्ल्यावर मूलद्रव्याचा जन्म व्हावा, ही कल्पना कोणाही मराठी माणसाला प्रिय वाटेल. आम्हांसही ती प्रिय वाटते. परंतु प्रिय वाटणे हा पुरावा नव्हे.

पुरावा असा आहे. १८६८ च्या ग्रहणासाठी लॉक्यर हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्याचे निरीक्षण लंडनमधले, ग्रहणानंतर दोन महिन्यांनी झालेले, आणि तेही ग्रहणाविना केलेले. मग कट्ट्यांची कथा खोटी काय? तसेही नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी दुसरे खग्रास ग्रहण याच किनाऱ्यावरून गेले, आणि त्या वेळी लॉक्यर खरोखरच विजयदुर्गास आला होता. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमेनी’ या जहाजावरील खलाशांना शिकवून तयार करून त्यांच्या साहाय्याने त्याने तेथे ग्रहणाचे वेध घेतले, आणि त्याचा वृत्तान्त पुढे छापून प्रसिद्ध झाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे छावणी टाकली होती, आणि वऱ्हाडात तळणी येथे इंग्रज निरीक्षकांची दुसरी एक तुकडी होती.

म्हणजे साक्षीदार खरा आहे, तारीख चुकली आहे. गावकऱ्यांच्या आठवणीत साहेब आला, कट्टे राहिले, ग्रहण झाले, हे सर्व सत्य टिकून आहे. ज्याने हेलियमची रेषा ओळखली तोच गृहस्थ तेथे उभा होता, हेही सत्य. मात्र तो तेथे आला तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन वर्षे होत आली होती. एका सत्याला दुसऱ्या सत्याची तारीख चिकटली आणि त्यातून असत्य जन्मले. अशा रीतीने जन्मलेले असत्य सर्वांत चिवट असते, कारण त्याचा प्रत्येक तुकडा खरा असतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा कीस कशाला काढावा? अभिमान वाढतो तर वाढू द्या. आमचे उत्तर असे की, चुकीच्या दाखल्यावर मिळविलेला हक्क मूळच्या खऱ्या हक्कालाही दुबळा करतो. विजयदुर्गाच्या नावाने भलता दावा सांगताना आपण जमखंडी विसरलो, जेथे ती रेषा खरोखर पाहिली गेली, विजापूर विसरलो, वनपर्तीचे रघुनाथाचारी विसरलो, जेऊरचे नायगमवाला विसरलो. सीमाभागातील आमच्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे की, सूर्यावरील हेलियमच्या पहिल्या साक्षीदारांपैकी एक त्यांच्याच जमखंडीत, श्रावणातल्या ढगांखाली, उभा होता? विजयदुर्गालाही १८९८ चे मोठेपण पुरेसे आहे. ते त्याला निखालस मिळावे.

उरलेल्या वाटेकऱ्यांचा निकाल झटपट लागला. हवा थंड करून तिचा द्रव करण्याची कला तोवर साधली होती. रॅम्झी आणि त्याचा तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा हळूहळू उकळवून तिचे भाग वेगळे केले, आणि १८९८ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या आत, क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, निऑन म्हणजे नवा आणि झेनॉन म्हणजे परका, असे तीन नवे वायू बाहेर काढले. शहरातल्या पाट्यांवर तांबडा प्रकाश देणारा निऑन तो हाच. १९०४ मध्ये रेलीला पदार्थविज्ञानाचे व रॅम्झीला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघा वायुसंशोधकांचा आपल्या देशाशी आलेला संबंध थोड्यांच्या लक्षात असतो. जमशेटजी टाटांनी योजिलेल्या विज्ञानसंस्थेसाठी योग्य स्थळ सुचविण्यास १९०० च्या अखेरीस रॅम्झीलाच पाचारण करण्यात आले. त्याने देश फिरून बंगलोरची शिफारस केली. आणि त्या संस्थेचा पहिला संचालक झाला तो मॉरिस ट्रॅव्हर्स.

वाटणी अशी पुरी झाली. पण वाटणीनंतरही वाटे बदलतात. ज्या वायूपासून हा सारा इतिहास सुरू झाला तो ब्लॅकचा चुन्यातला वायू आज पुन्हा न्यायासनापुढे उभा आहे. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, हे ध्रुवप्रदेशातील जुन्या बर्फात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. १८५९ मध्ये जॉन टिंडल याने असल्या वायूंची उष्णता अडविण्याची शक्ती मोजण्यास प्रारंभ केला. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर या वायूची अखंड मोजणी सुरू केली, तेव्हा आकडा सुमारे ३१५ होता. आज तो ४२० च्या पलीकडे गेला आहे. वाढ शंभर-दीडशे भागांची, तीही दहा लाखांत! वरवर पाहणारा म्हणेल, एवढ्याने काय होते? परंतु पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ न देणारा हा वायू आहे, आणि दगडी कोळसा व खनिज तेल जाळून त्याचा वाटा आपण स्वतः वाढविला आहे. कीलिंगने एकेका भागाचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला नसता तर ही वाढ आपल्या ध्यानी येण्यास किती उशीर झाला असता, याची कल्पना करवत नाही. कॅव्हेंडिशच्या नळीतील बुडबुडा, रेलीचे अकरा मिलिग्रॅम, लॉक्यरची केसभर सरकलेली रेषा आणि कीलिंगच्या वहीतले आकडे, या चारही गोष्टी एकाच कुळातल्या आहेत.

म्हणून आम्हांस वाटते, हवेच्या इतिहासातून शिकावयाचे ते मूलद्रव्यांची नावे नव्हेत. ती कोणत्याही पुस्तकात मिळतील. शिकावयाचे ते हे की, आपल्या मताशी, आपल्या तक्त्याशी किंवा आपल्या अभिमानाशी जे जुळत नाही त्याची नोंद प्रामाणिकपणे करावी, आणि पूर्वी कोणी तशी नोंद केली असेल तर ती उघडून वाचावी. कॅव्हेंडिशने आपले काम चोख केले होते. शंभर वर्षांचा विलंब झाला तो वाचणाऱ्यांचा दोष होता. ज्या हवेत प्रीस्टली, लाव्हाझिए आणि रघुनाथाचारी यांनी श्वास घेतला, त्याच हवेत आपण घेतो आणि आपली मुले घेणार आहेत. तिच्या हिशेबाची वही त्यांच्या हाती देताना तिच्यातील एकही शिल्लक खोडलेली नसावी, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.